उतरंड कशाला म्हणावं

जून उजाडला की कोल्हापुरात एक जुना वाद पुन्हा तापतो. २६ जूनला शाहू जयंती, २६ जुलैला महाराजांच्या १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशाचा दिवस. या महिनाभरात व्याख्यानं होतात, पेपरांत लेख येतात, चहाच्या गाड्यांवर चर्चा झडतात, आणि सगळीकडं 'उतरंड' हा शब्द हटकून येतो. एका बाजूचं म्हणणं असं: उतरंड कुठं नाही? कलेक्टर वर, शिपाई खाली. वस्ताद वर, पठ्ठा खाली. मग जातीच्याच उतरंडीवर एवढा राग का? दुसरी बाजू तावातावानं सांगते: बरोबर आहे, सगळ्याच उतरंडी मोडा, सेवाज्येष्ठता, गुणवत्ता यादी, हुद्दे, सगळे एकाच माळेचे मणी. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडतात, आणि दोघांनीही एकच गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते: जिथं वर-खाली आहे तिथं उतरंड आहे.

हे गृहीतच चुकीचं आहे. उतरंड हा शब्द जन्मानं ठरणाऱ्या, वरच्याचा भार खालच्यावर टाकणाऱ्या आणि दाद मागायची सोय नसलेल्या रचनेसाठीच वापरला पाहिजे. हुद्द्यांच्या साखळीसाठी लोकप्रशासनाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'पदसोपान' हा शब्द कधीपासून आहे. गुणांच्या यादीला गुणक्रम म्हणता येतं, पाळीनं होणाऱ्या कामाला क्रमपाळी. हा शुद्ध भाषेचा हट्ट नाही. चार वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की चारही दुखण्यांवर एकच औषध सुचतं, आणि ते तीन ठिकाणी तरी अपाय करतं.

आधी मूळ वस्तू नीट पाहू. आता शहरात उतरंड दिसत नाही, पण पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जुन्या घरांत ती पाहिलेली माणसं अजून आहेत. माजघराच्या कोपऱ्यात जमीन सारवून त्यावर चुंबळ किंवा मातीचं आळं, त्यात सगळ्यांत मोठा डेरा, त्यावर माठ, मग घागर, मडकं, गाडगं आणि टोकाला बोळकं. धान्य, डाळी, बी-बियाणं असं घरातलं किडूकमिडूक तिच्यात राहायचं. 'उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा' ही म्हण त्यातूनच आली. या रचनेतल्या तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्रत्येक भांड्याचं तोंड वरच्या भांड्याच्या बुडानं बंद झालेलं असतं. तळाच्या डेऱ्यावर सगळ्यांचं ओझं असतं, टोकाच्या बोळक्यावर कुणाचंच नसतं. आणि मधलं कुठलंही भांडं आपण होऊन जागा बदलू शकत नाही. खालचं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. कोणत्या भांड्यानं कुठं बसायचं हे कुंभारानं चाकावर घडवतानाच ठरवलेलं असतं. जातिव्यवस्थेला ही उपमा ज्यांनी पहिल्यांदा दिली त्यांनी ती नुसती वर-खाली दिसते म्हणून दिली नसणार. तोंड बंद होणं, भार वाहणं आणि जागा जन्मताच ठरणं, या तिन्ही गोष्टी तिथं तंतोतंत लागू पडतात.

आता कलेक्टर आणि शिपायाचं उदाहरण घेऊ, कारण ते सर्रास फेकलं जातं. महसूल खात्याची साखळी अशी: तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी. करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात वडिलांच्या निधनानंतर वारसाची नोंद करायची आहे. तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो आणि हितसंबंधितांना नोटीस काढतो. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली तर ती तक्रार केस होऊन नमुना ६-अ मध्ये चढते. आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ज्याचं नाव डावललं गेलं त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली प्रांतांकडं ६० दिवसांत अपील करता येतं, आणि त्यांचा निकाल पटला नाही तर त्याच्याही वर जाता येतं. इथं वरचा माणूस खालच्याच्या निर्णयाला जबाबदार आहे आणि खालच्याचा निर्णय वर तपासला जातो. तलाठी खात्याच्या परीक्षा देऊन मंडळ अधिकारी होतो, पुढं नायब तहसीलदारही होतो. संध्याकाळी दप्तर बंद झालं की तहसीलदाराचा अधिकार तिथंच थांबतो. तलाठ्यानं कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं किंवा मुलीचं लग्न कुठं ठरवायचं हे तो सांगू शकत नाही. 'पदसोपान' या शब्दातच सोपान आहे, पायऱ्या आहेत. या साखळीत भ्रष्टाचार होत नाही किंवा तलाठ्याला कुणी अपमानास्पद वागवत नाही असं कोण म्हणेल? पण साखळीतला अन्याय दूर करायला साखळीतच जागा आहे. उतरंडीत ती कुठं आहे?

या दोन रचना वेगळ्या असल्याचा सर्वांत मोठा पुरावा कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. वेदोक्त प्रकरण आपण 'महाराज विरुद्ध पुरोहित' असं थोडक्यात सांगून पुढं सरकतो. जरा थांबून पाहावं. १८९९ च्या सुमारास कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू छत्रपतींसाठी पुरोहित वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र सोडून पुराणोक्त मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या लेखी महाराज शूद्र होते. पदसोपानात बघितलं तर छत्रपती सगळ्यांच्या वर: राजपुरोहितांचं वतन संस्थानचं, इनाम संस्थानचं, पुरोहिताची भाकरी संस्थानची. आणि तरीही घाटाच्या पायरीवर उभा असलेला तोच पुरोहित आपल्या पोशिंद्याला खालचा ठरवत होता. हुद्द्यांची साखळी आणि जातीची उतरंड एकच असती तर हे घडलंच कसं असतं? १६७४ मध्ये रायगडावरही हाच पेच होता. स्वराज्य उभं केलेल्या राजाला राज्याभिषेकाआधी आपलं क्षत्रियत्व सिद्ध करावं लागलं, मुंज लावून घ्यावी लागली. सव्वादोनशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा, तोही त्यांच्याच गादीच्या वारसासमोर. राजपुरोहितांनी हेका सोडला नाही तेव्हा महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. वतन राजसत्तेच्या हातात होतं म्हणून ते काढून घेता आलं. दर्जा राजसत्तेच्या हातात नव्हता, तो हुकमानं मिळणार नव्हता. म्हणूनच ते भांडण इतकी वर्षं चाललं आणि १९२० मध्ये स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूंचं, पीठ स्थापण्यापर्यंत गेलं.

दुसरं टोकही इथलंच आहे. अस्पृश्य समाजातले गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारणारेही महाराजांचेच नोकर. धनी एक, चाकरी एक, हुद्द्यात फारसा फरक नाही. मग मारणाऱ्याला तो अधिकार कुठून आला? महाराजांनी कांबळ्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेऊ लागले. पगार वाढवून किंवा बढती देऊन हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. दुखणं हुद्द्यात नव्हतं, शिवण्यात होतं, म्हणून उपायही लोकांच्या डोळ्यांदेखत कपाला तोंड लावण्याचा.

यावर कुणी म्हणेल, भाषा वाहती असते. लोक 'कंपनीतली उतरंड', 'पक्षातली उतरंड' म्हणतात, अर्थ समजतो, मग अडवणारे तुम्ही कोण? यात तथ्य आहे. शब्द घरातून बाजारात आणि बाजारातून कचेरीत जातच असतो, त्याच्यावर पहारा बसवून तो थांबत नाही. ललित लेखनात कुणी ढगांची उतरंड लिहिली तर त्यात बिघडतं काय? माझी हरकत वादापुरती आहे. जिथं या शब्दाच्या जोरावर काही सिद्ध करायचं आहे, तिथं आधीच्या वाक्यात जात आणि पुढच्या वाक्यात कचेरी असा अर्थ बदलून चालणार नाही. 'उतरंड सगळीकडं आहे, म्हणजे ती नैसर्गिक आहे' या युक्तिवादाची सगळी ताकद या अदलाबदलीत आहे. तिथं 'पदसोपान सगळीकडं आहे' असं लिहून पाहा. जातीबद्दल त्यातून एक अक्षरही निघत नाही.

पण दुसऱ्या बाजूची चूक मला जास्त काळजीची वाटते, कारण ती आपल्याच माणसांकडून होते. प्रत्येक क्रमाला उतरंड म्हणून मोडीत काढायचं ठरवलं तर दुबळ्याच्या हातातली हत्यारंच पहिल्यांदा जातात. या जिल्ह्यात हे समजवायला ऊसतोडीसारखं उदाहरण नाही. शेतकरी लागणीची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसात देतो. तारीख, उसाचा वाण, क्षेत्र, नवी लागण की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक), सगळं लिहिलं जातं. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, त्यानंतरची सुरू आणि मग खोडवा, असा तारखांचा क्रम लावून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. हीच क्रमपाळी. ती पाळली गेली तर वीस गुंठेवाल्याचा ऊसही वेळेवर जातो. मोडली तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. संचालकाच्या पाहुण्याचा पूर्वहंगामी ऊस आधी उचलला जातो, तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय आज-उद्या करत राहतो, गरिबाचा आडसाली ऊस फडात उभा राहून तुऱ्यावर येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर वजन घटतं, पैसे वजनावर म्हणून तोटा त्याचाच, आणि राखलेला खोडवा उशिरा फुटल्यामुळं पुढचं वर्षही बिघडतं. वर तोडकऱ्यांना खुशाली द्यावी लागते ती वेगळीच. इथं गुन्हेगार क्रम आहे, की क्रम मोडणारा वशिला? जो माणूस क्रमपाळीलाही 'उतरंड' म्हणून झोडतो तो नकळत वशिल्याची बाजू घेतो. लहान शेतकऱ्याला क्रमपाळी हवी आहे, गट ऑफिसच्या भिंतीवर तारखांसह लावलेली आणि शब्दशः पाळलेली.

आरक्षणाचंही तसंच आहे. आरक्षण भाषणात समतेचं तत्त्व असतं, पण आस्थापनेत ते एका क्रमवार नोंदवहीच्या रूपानं जगतं. तिला बिंदूनामावली म्हणतात. प्रत्येक पदाला बिंदू क्रमांक असतो, कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे ठरलेलं असतं, माणूस नेमला की त्याचं नाव त्या बिंदूसमोर येतं, आणि विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घ्यावी लागते. नोंदवही नीट ठेवली असेल तरच अनुशेष, म्हणजे न भरलेल्या राखीव जागा, किती हे कळतं. ती अर्धवट ठेवली, जुन्या नेमणुका चुकीच्या बिंदूवर दाखवल्या, निवृत्तांची नावं तशीच राहू दिली, की आकडा बिघडतो आणि हक्काची जागा कागदावरून गायब होते. १९०२ च्या आदेशातही शाहू महाराजांनी सदिच्छा व्यक्त करून थांबायचं टाळलं: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरा, असा मोजता येईल असा हुकूम काढला. ज्याला मोजता येतं त्याला क्रम लागतोच.

गुणक्रमाबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही, कारण विरोधकांचा इथला आक्षेप खरा आहे. ते म्हणतात, गुणवत्ता यादी वरून तटस्थ दिसते, पण यादीत कोण वर येणार हे बऱ्याच अंशी घरातली पुस्तकं, क्लासची फी आणि अभ्यासाला मिळालेली खोली ठरवते. म्हणजे जन्मच आला की. हे मला मान्य आहे. म्हणून तर महाराजांनी राखीव जागांच्या बरोबरीनं वसतिगृहं उभी केली. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय झाली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा निर्णय आला. त्यांनी परीक्षा बंद केल्या नाहीत, परीक्षेपर्यंत पोचण्याची वाट बांधली. शिवाय गुणक्रम काय सांगतो आणि काय सांगत नाही हेही समजून घ्यायला हवं. समजा यादीत पहिल्याला १४८, दुसऱ्याला १४७ आणि तिसऱ्याला ११२ गुण आहेत. क्रमांक १, २, ३ असे सारख्या अंतरानं दिसतात, पण पहिल्या दोघांत एका गुणाचा फरक आहे आणि पुढं ३५ गुणांचा. बहुतेक भरतींत गुण सारखे झाले तर वयानं मोठा उमेदवार वर घेतात. त्या क्रमात गुणवत्तेचा काही भाग नाही, तो निव्वळ निवाड्याचा नियम आहे. क्रमांक म्हणजे त्या दिवशीच्या, त्या पेपरच्या निकालाची जागा. तो क्रमांक माणसाच्या कपाळावर कायमचा डकवला, 'हा कोट्यातला' म्हणून त्याला नोकरीतली तीस वर्षं ऐकवलं, की गुणक्रमाचं काम संपून उतरंडीचं सुरू होतं. दोन शब्द वेगळे ठेवले तरच हा बिघाड कुठल्या क्षणी झाला ते बोट ठेवून दाखवता येतं.

कोल्हापूरला क्रमाचा निर्मळ अर्थ खरं तर शिकवावा लागू नये. खासबागेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती कुणाची, दोन नंबरची कुणाची, हे पोस्टरवर छापलेलं असतं आणि त्यावर पैजा लागतात. पण ज्याची पाठ मातीला लागली त्याचा नंबर त्या क्षणी गेला, आणि तो कुणाचा पोरगा हे कुणी विचारत नाही.

उतरंडीचं आणखी एक लक्षण आहे, आणि ते कुठल्याच पदसोपानात सापडत नाही. डॉ. आंबेडकरांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वरचे आणि खालचे असे दोनच थर असते तर खालच्यांची एकजूट सोपी होती. इथं प्रत्येक थराच्या खाली आणखी एक थर आहे, त्यामुळं वरच्याचा राग करणाऱ्यालाही खालच्याला दूर ठेवण्यात आपला मान वाटतो. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या 'मूकनायक' या पाक्षिकाच्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला मजल्यामजल्यांच्या मनोऱ्यासारखं म्हटलं आणि त्या मनोऱ्याला शिडी नाही, याकडं लक्ष वेधलं. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. त्या पत्राला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली, आणि दोन महिने होण्याआधीच, २१ आणि २२ मार्च १९२० ला, कागल जहागिरीतल्या माणगावात दोघं एका व्यासपीठावर होते. शिडी नसलेला मनोरा आणि सोपान असलेली पदं, हा फरक शंभर वर्षांपूर्वी इतका स्वच्छ मांडून झाला आहे. तो आपण आज परत का पुसून टाकायचा?

महाराजांनी तर तो प्रत्यक्ष कारभारात उतरवून दाखवला. १९१८ मध्ये संस्थानातली वंशपरंपरेची कुलकर्णी वतनं त्यांनी रद्द केली आणि गावोगाव पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. त्या नेमणुकांत अस्पृश्य समाजातली माणसंही घेतली. त्याच वर्षी महार वतनाच्या जमिनी रयतावा केल्या, म्हणजे सामान्य रयतेच्या जमिनींसारख्या केल्या, आणि त्या जमिनीपायी मागे लागलेली वेठ सुटली. गावचं दप्तर तेच, शाई तीच, नोंदी त्याच. पण जे काम काल जन्मानं मिळत होतं ते आज नेमणुकीनं मिळू लागलं. हुद्दा राहिला, त्याखालची उतरंड काढून घेतली. वर सांगितलेल्या फेरफाराच्या साखळीतला आपला तलाठी त्या बदलाचा वारस आहे. सगळे क्रम सारखेच म्हणणाऱ्यांना या सुधारणेत काही घडलं असं तरी वाटतं का?

विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. ते म्हणतात, तुमचे दोन शब्द कागदावर वेगळे असतील, रस्त्यावर एकच आहेत. कुठल्याही नगरपालिकेत जा, झाडू हातात असलेला माणूस कुठल्या समाजाचा आहे ते न विचारता कळतं. खरं आहे. शिवाय महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घेतलं जातं. त्या तरतुदीमागचा हेतू चांगला होता. घाणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरातली चूल विझू नये, ही साधी माणुसकी तिच्यात आहे, आणि कंत्राटदारी बोकाळल्यावर तिचं मोल वाढलंच आहे. त्या कुटुंबांकडून ती काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण पदसोपानाची सगळ्यांत खालची पायरी बापाकडून मुलाकडं जाते तेव्हा ती पायरी राहत नाही, उतरंडीचा तळ होते. हे दिसतं तेही शब्द दोन आहेत म्हणूनच. सगळंच उतरंड म्हटलं तर कामगाराची वेतनश्रेणी वाढवली की काम झालं असं वाटेल. सगळंच पदसोपान म्हटलं तर तो फक्त कनिष्ठ कर्मचारी ठरेल.

म्हणून विचारायचे प्रश्नही दोन आहेत, आणि दोन्ही माहितीच्या अधिकारात साध्या अर्जावर विचारता येतात. पहिला: हातमोजे, गमबूट, रजा, वेतन वेळेवर मिळतं का? दुसरा: गेल्या दहा वर्षांत वारसा हक्कानं लागलेल्यांपैकी बारावी किंवा पदवी झालेले किती, त्यातल्या किती जणांना लिपिकाची जागा मिळाली आणि किती जणांना शिक्षण असूनही झाडूच मिळाला? आणि उलट बाजूनं, सफाईच्या जागेवर इतर समाजातला जो माणूस कागदोपत्री लागला, तो आज खरोखर गटारात उतरतो की हजेरी तिथली आणि काम कचेरीत असा राहतो? २६ जूनला शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक नगरसेवकानं हे आकडे आपल्या नगरपालिकेतून मागवावेत आणि सभेत वाचून दाखवावेत.